सहा टक्के

२०१६ साली मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या मालाच्या दुकानांत झिऑन प्रोसेसर ट्रे भरभरून यायला लागले. परदेशातल्या मोठ्या डेटा सेंटरांनी काही वर्षं चालवलेले सर्व्हर काढून टाकले होते आणि त्यांच्यातले इंटेलचे ई५-२६७० जगभरच्या सेकंडहँड बाजारात एकाच वेळी उतरले होते. मार्च २०१२मध्ये हा प्रोसेसर नवा आला तेव्हा त्याची किंमत दीड हजार डॉलरच्या वर होती. आठ कोअर, सोळा थ्रेड, २० एमबी कॅश, मेमरीचे चार चॅनल. आता तो शंभर डॉलरच्याही आत मिळत होता. नाशिकमध्ये असेंबल्ड पीसी विकणाऱ्या आणि ऑफिसांची देखभाल करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने तोवर असला प्रोसेसर फक्त कॅटलॉगात पाहिलेला. हातात घेतला तेव्हा डेस्कटॉपच्या प्रोसेसरपेक्षा तो चांगलाच मोठा आणि जड लागला. मी त्याच्या प्रेमातच पडलो. पुढची दोन वर्षं जो कुणी माझ्याकडे मशीन मागायला आला, त्याला मी जुना सर्व्हरचा प्रोसेसर आणि नवा डेस्कटॉपचा प्रोसेसर यांची तुलना करून दाखवली. त्यातली बरीचशी तुलना चुकीची होती आणि तिची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

त्याच वर्षी एका आर्किटेक्टच्या ऑफिसचं काम माझ्याकडे आलं. साहेब पन्नाशीचे, हाताखाली सहा जण. साहेबांची तक्रार एकच होती. व्ही-रे सॉफ्टवेअरमधलं रेंडर, म्हणजे इमारतीचं हुबेहूब चित्र, रात्रभर चालतं आणि सकाळी क्लायंट यायच्या वेळेला अर्धंच झालेलं असतं. ऑफिसात आय५-२५००ची मशीनं होती, २०११ सालची, आधीच्या कुणीतरी बसवलेली. साहेब म्हणाले, सगळीच बदलून टाकू, काय घ्यायचं ते तुम्ही सांगा.

मी कोटेशनला एक तक्ता जोडला. एका रकान्यात नवं आय७-४७९०, दुसऱ्या रकान्यात ई५-२६७० घातलेलं जुनं वर्कस्टेशन. चार कोअर आणि आठ कोअर. आठ थ्रेड आणि सोळा थ्रेड. ८ एमबी कॅश आणि २० एमबी कॅश. बेंचमार्कचे एकूण गुण झिऑनला जास्त, आणि पूर्ण मशीनची किंमत नव्याच्या मानाने पुष्कळ कमी. घड्याळाच्या ओळीत मात्र आय७ पुढे होता. तो ४.० गिगाहर्ट्झपर्यंत जायचा. झिऑनचा मूळ वेग २.६, टर्बोमध्ये जास्तीत जास्त ३.३. ती ओळ मी तक्त्याच्या तळाशी टाकली. एकही आकडा खोटा नव्हता. पण त्या तक्त्यात तिसरा रकाना हवा होता, टेबलावर आधीपासून असलेल्या मशीनचा, आणि तो मला सुचलाच नाही. विकत घ्यायच्या दोन वस्तूंची तुलना केली. जे काढून नेणार होतो त्याच्याशी केली नाही. रेंडर त्या ऑफिसात एकच मुलगा करायचा. बाकीचे दिवसभर ऑटोकॅडमध्ये असायचे. त्यांच्यापैकी एकाशीही मी बोललो नाही. साहेबांनी सांगितलं तेवढंच ऐकलं आणि सहाही टेबलांवर झिऑन मांडले.

सगळ्या मशीनांत मी एसएसडी घातली होती. जुन्यांत साध्या हार्डडिस्क होत्या. त्यामुळे पहिल्या दिवशी ऑफिस खूश होतं. बटण दाबलं की विंडोज समोर, फाइलही पटकन उघडायची. रेंडर करणारा मुलगा तर फारच खूश, कारण रात्रभराचं काम मध्यरात्रीच्या आत आटपायला लागलं. मे महिना होता आणि एसी फक्त साहेबांच्या केबिनमध्ये. दुपारी खोली तापायची, पंख्यांचा आवाज वाढायचा. मी एक दिवस जाऊन सगळ्या मशीनांच्या बायॉसमध्ये टर्बो बंद करून आलो. आठ कोअर असताना वरच्या काही शे मेगाहर्ट्झवाचून काय अडणार आहे, असा माझा हिशेब होता. मेमरीही मी प्रत्येकी दोनच स्टिक घातल्या होत्या. त्या बोर्डावर चार चॅनल होते. दोनच भरले की मेमरीची वाट निम्मी होते, ५१.२ जीबी प्रति सेकंदाच्या जागी २५.६. हेही मला ठाऊक होतं. नंतर घालू म्हणून ठेवलं आणि विसरलो.

पावसाळा संपता संपता साहेबांचा फोन आला. ऑफिसात सबमिशनची ड्रॉइंगं करणारी एक मुलगी होती, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, हात चांगला असलेली. साहेब म्हणाले, "तिचं काम हल्ली मागे पडतंय. ती म्हणते मशीन स्लो आहे. एकदा बघून जा."

मी गेलो. तिने मला फाइल दाखवली. एका टाउनशिपचा लेआउट होता, बऱ्याच फाइली एक्सरेफ करून जोडलेल्या, हॅच भरपूर. तिने रिजन मारलं, म्हणजे सगळं ड्रॉइंग पडद्यावर पुन्हा रचायची कमांड दिली, आणि कर्सरच्या जागी निळं चक्र फिरायला लागलं. ती कीबोर्डवरचे हात काढून बसली. ते बसणं रोजच्या सवयीचं होतं, एवढं मला तेव्हाही दिसलं होतं. मी टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू ६ टक्के. मेमरी निम्म्याहून कमी. डिस्क शून्य. साहेब माझ्या मागे येऊन उभे होते.

मी म्हणालो, "साहेब, मशीन तर रिकामंच बसलंय. सहा टक्केच वापरात आहे, चौऱ्याण्णव टक्के शिल्लक आहे. मशीनमध्ये काही दोष नाही."

ती म्हणाली, "पण सर, जुन्यावर एवढं थांबावं लागत नव्हतं."

मी तिला सांगितलं, "तेव्हा फाइली लहान असतील."

साहेब काही बोलले नाहीत. केबिनमध्ये गेले. मी व्हिजिटचे पैसे घेऊन घरी आलो.

हा प्रसंग मी पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिला आहे. तिच्याकडे अनुभव होता: तेच काम, तीच फाइल, आधीचं मशीन आणि आताचं मशीन. माझ्याकडे एक आकडा होता आणि त्याचा अर्थ मला कळलेला नव्हता. तरी त्या खोलीत माझा आकडा खरा ठरला, कारण तो पडद्यावर होता आणि तो वाचणारा माणूस तज्ज्ञ म्हणून बोलावलेला होता. तिचं म्हणणं तपासून बघायला फार तर अर्धा तास लागला असता.

हे मला कळायला हवं होतं, कारण असाच धडा मी एकदा घेतलेला होता. मी धंद्यात आलो तेव्हा ४८६ जाऊन पेंटियम येत होते आणि मेगाहर्ट्झ जास्त तो प्रोसेसर चांगला, हे समीकरण जवळजवळ खरं होतं. ३३, ६६, १००, १३३. गिऱ्हाईकही तेच विचारायचं. पेंटियम ४च्या काळात इंटेलने घड्याळ वाढवत वाढवत २००४ साली ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत नेलं. २००६च्या जुलैत कोअर २ ड्युओ आला, त्यातला साधा ई६३०० होता १.८६ गिगाहर्ट्झचा, आणि तो तीन गिगाहर्ट्झच्या पेंटियम डीपेक्षा सरस चालायचा. एका टिकटिकीत किती काम होतं यावर सगळं अवलंबून असतं, हे मी तेव्हा पेंटियम डीचा साठा अंगावर पडल्यावर शिकलो. पण शिकलो म्हणजे एवढंच, की मेगाहर्ट्झ मोजायचं सोडलं आणि कोअर मोजायला लागलो. मोजण्याची खोड तशीच राहिली.

उलगडा दुसऱ्याच ठिकाणी झाला. लग्नाच्या व्हिडिओचं काम करणाऱ्या एका स्टुडिओला मी दोन प्रोसेसरचं वर्कस्टेशन दिलं होतं, ई५-२६७०चीच जोडी. सोळा कोअर, बत्तीस थ्रेड. एक्सपोर्ट करताना सगळे कोअर पेटायचे, पण त्यांच्या एका जुन्या टायटलिंगच्या प्लगइनवर मशीन अडून बसायचं. मी टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू ३ टक्के. आर्किटेक्टच्या ऑफिसातले ६ टक्के मला तिथे आठवले, आणि सोळाची दुप्पट बत्तीस व सहाचे निम्मे तीन, हे एकदम जुळलं. शंभर भागिले बत्तीस, ३.१२५. शंभर भागिले सोळा, ६.२५.

विंडोज दाखवतं ती टक्केवारी सगळ्या थ्रेडची मिळून असते. सोळापैकी एक थ्रेड पूर्ण क्षमतेने राबत असेल आणि बाकी पंधरा मोकळे असतील, तर आकडा येतो सहा. शिवाय विंडोज ते एकच काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे प्रत्येक कोअरचा आलेख वेगवेगळा उघडला तरी सगळेच थोडेथोडे हललेले दिसतात, एकही माथ्याला टेकलेला दिसत नाही. त्या दिवशी तिच्या मशीनचा एक कोअर जीव तोडून धावत होता आणि मी त्याला रिकामं म्हणालो होतो.

ऑटोकॅडचं रोजचं बहुतेक काम एका कोअरवर चालतं. रेंडरचं तसं नाही. चित्राचे तुकडे करता येतात, प्रत्येक तुकडा स्वतंत्र असतो, आठ कोअर असोत की ऐंशी, सगळ्यांना काम मिळतं. पण ड्रॉइंगमधली एक गोष्ट आधीच्या गोष्टीवर अवलंबून असते, तिथे रांगेनेच जावं लागतं. जीन अॅमडाल या संगणक अभियंत्याने १९६७ सालीच हे मांडून ठेवलं आहे: कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो एकूण वेगाला मर्यादा घालतो. निम्मं काम असं असेल तर प्रोसेसर कितीही वाढवा, वेग दुपटीच्या पुढे जात नाही. मला हा नियम ठाऊक होता. तो माझ्या तक्त्यालाही लागू आहे, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

आर्किटेक्टची जुनी मशीनं मी एक्स्चेंजमध्ये घेतली होती. त्यातलं एक आय५-२५०० दुकानाच्या रॅकवर अजून पडून होतं. साहेबांकडून तीच टाउनशिपची फाइल मागवली, आय५मध्ये झिऑनसारखीच एसएसडी घातली, तसाच झिऑन शेजारी मांडला आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दोन्हीकडे रिजन मारलं. पाच वर्षांचं जुनं आय५ ठळक पुढे होतं. कारण साधं होतं. दोन्ही प्रोसेसरच्या आत कोअरची रचना एकच, सँडी ब्रिज. एक डेस्कटॉपसाठी काढलेला, एक सर्व्हरसाठी. आय५ टर्बोमध्ये ३.७ गिगाहर्ट्झने धावत होतं आणि माझा झिऑन, टर्बो मीच बंद केल्यामुळे, २.६ने. सर्व्हरची रजिस्टर्ड मेमरी प्रत्येक वेळी घड्याळाचा एक जादा ठोका घेते ते वेगळंच. टर्बो चालू करून पाहिला. अंतर कमी झालं, मिटलं नाही, ३.३ ते ३.३च. ज्याला आठ कोअर दिलेत त्याला उष्णतेच्या मर्यादेत राहायचं तर प्रत्येकाचा वेग आवरता धरावाच लागतो. सर्व्हरला ते परवडतं, कारण तिथे एकाच वेळी शेकडो जण थोडंथोडं काम मागत असतात. एका टेबलावर बसलेला एक माणूस एकच काम मागतो.

म्हणजे सहापैकी पाच टेबलांवरून मी वेगवान प्रोसेसर उचलून नेले होते आणि त्यांच्या जागी संथ ठेवून वर पैसे घेतले होते.

साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. कागदावर ६.२५चा हिशेब मांडून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ती मुलगी दिवाळीनंतर नोकरी सोडून गेली होती. तिच्या पगारवाढीच्या वेळी कामाच्या वेगाचा विषय निघाला होता आणि माझ्या व्हिजिटचाही. साहेब एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणालात म्हणून मी मशीनचा विचार डोक्यातून काढला."

पाच मशीनं मी परत घेतली आणि आय७-४७९० बसवून दिली. फरकाचे पैसे मागण्याचा प्रश्नच नव्हता. उरलेला एक झिऑन रेंडरसाठी ठेवला, त्यात चारही चॅनल भरले, टर्बो चालू केला. त्या वर्षी माझ्या हातात जे काही उरायचं होतं ते त्यात गेलं. ते भरून निघालं. साहेबांकडून नंबर घेऊन मी त्या मुलीला फोन केला. ती पुण्यात दुसऱ्या ऑफिसात लागली होती. मी कोण ते सांगितलं, मशीन खरंच संथ होतं आणि मी चुकीचं बोललो होतो हेही सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं माझ्या फाइलमध्येच काहीतरी घाण आहे. मी रोज सगळे गेल्यावर पर्ज आणि ऑडिट मारत बसायचे, सर." या दोन कमांड फाइलमधला नको असलेला कचरा काढायच्या आणि चुका दुरुस्त करायच्या. तिच्या फाइलमध्ये कचरा नव्हता. मी त्यावर काहीच बोलू शकलो नाही. नोकरी सुटली त्याबद्दल तिने एक अवाक्षर काढलं नाही.

यानंतर मी झिऑनचं नाव टाकलं आणि दुसऱ्या टोकाला गेलो. २०१८मध्ये एका पतसंस्थेला सर्व्हर हवा होता. काउंटरवरची मशीनं त्याला जोडायची आणि ठेवी, कर्ज, पिग्मी असा सगळा डेटाबेस त्याच्यावर. मी आय७-४७९० आणि साधी डेस्कटॉपची मेमरी घालून मशीन उभं केलं. वेगात त्याने निराश केलं नाही. पण ते दिवसरात्र चालणारं मशीन होतं, लोकांचे पैसे त्याच्या मेमरीतून जात होते, आणि आय७-४७९०ला ईसीसी मेमरी चालत नाही. ईसीसीच्या स्टिकवर आठ चिपांच्या जोडीला नववी चिप असते. ६४ बिटांमागे आणखी ८ बिट तपासणीसाठी. एक बिट उलटला तर ईसीसी तो जागच्या जागी दुरुस्त करते, दोन उलटले तर निदान ओरडून सांगते. साध्या मेमरीत बिट उलटला तर कुणालाच कळत नाही, चुकीचा आकडा खरा म्हणून डिस्कवर उतरतो. हे काही क्वचितच घडणारं नाही. गूगलच्या सर्व्हरवरच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये मेमरीची चूक सापडली होती. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली, की त्याच पिढीतल्या स्वस्त आय३ला ईसीसी चालते, महाग आय७ला नाही. झिऑन ई३-१२३० व्ही३ हा तर जवळपास आय७च, ग्राफिक्स बंद केलेला आणि ईसीसी चालणारा. सर्व्हरचा प्रोसेसर आणि डेस्कटॉपचा प्रोसेसर अशी जी भिंत मी मनात बांधली होती, ती मी समजत होतो त्या जागी नव्हतीच.

वर्षभराने पतसंस्थेत काही खात्यांची शिल्लक जुळेना. रकमा मोठ्या नव्हत्या, पण विचित्र होत्या. व्हाउचरवर एक आणि संगणकात दुसरीच. लेजर सांभाळणारे एक जुने क्लार्क होते, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली. संचालकांच्या बैठकीत त्यांच्याबद्दल बोललं जायला लागलं होतं. मॅनेजरने मला बोलावलं आणि विचारलं, "मशीनमध्ये काही दोष असू शकतो का? नसेल तर तसं लिहून द्या, आम्हाला चौकशी लावायची आहे."

मी लिहून दिलं नाही. क्लार्कच्या शेजारी बसून ती खाती एकेक करून पाहिली. त्यांनी व्हाउचरचे गठ्ठे काढून दिले, प्रत्येकावर त्यांची सही आणि तारीख, खाडाखोड नाही. चुकलेले आकडे आणि बरोबर आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर दिसलं की फरक ८१९२, १६३८४ असे येत होते, म्हणजे दोनच्या घातांचे. माणूस लिहिताना चुकतो किंवा पैसे काढतो तेव्हा असले फरक पडत नाहीत. एक बिट उलटला की पडतात. त्या रात्री काउंटर बंद झाल्यावर मेमरी तपासणारा मेमटेस्ट लावला आणि तिथेच थांबलो. पहाटे लाल ओळी आल्या: एकच स्टिक, एकाच पट्ट्यातले पत्ते.

सकाळी मॅनेजरच्या टेबलावर बसून संचालक मंडळाच्या नावे पत्र लिहिलं. सर्व्हरच्या मेमरीत दोष सापडला आहे, खात्यांमधला फरक त्यामुळे पडला आहे, या कामाला न चालणारं मशीन मी निवडलं होतं, नोंदी करणाऱ्यांचा यात काही संबंध नाही. खाली तपासणीचे आकडे जोडले आणि ई३ व ईसीसी मेमरीचं नवं मशीन माझ्या खर्चाने बसवून देतो असंही लिहिलं. क्लार्कनी पत्राची एक प्रत मागून घेतली. त्यानंतरचे दोन आठवडे ते आणि मी मिळून व्हाउचरांवरून खाती पुन्हा तपासत होतो.